रविवार, दुपारी चार

एकोणपन्नासाव्या वर्षी मी पोहायला शिकले, आणि हे मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. दूधवाल्याला सांगून झालं, सोसायटीच्या वॉचमनला सांगून झालं, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगून झालं. नवरा म्हणतो, "अगं, आता दारावर पाटीच लाव." लावलीही असती, पण आमच्या सोसायटीत दारावर काय लावायचं याचेसुद्धा नियम आहेत. म्हणून इथे लिहिते.

पोहण्याच्या आधी वहीचं सांगायला हवं, कारण ती वही नसती तर मी पाण्यात उतरलेच नसते. आणि वहीच्याही आधी एका पत्राचं.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची इन-चार्ज सिस्टर आहे. सव्वीस वर्षं हेच काम केलं आणि मनापासून केलं. कोविडची दोन वर्षंही काढली. त्या दोन वर्षांत मी रडले नाही, आजारी पडले नाही, कोणाला घाबरले नाही. सगळे म्हणायचे, बाई लोखंडाची आहे, आणि मला ते आवडायचं. मग सगळं शांत झालं, लोक मास्क विसरले, आणि पुढे कधीतरी एका साध्या मंगळवारी मी कपड्यांच्या खोलीत दार लावून दहा मिनिटं रडले. कारण काय, तर धुवून आलेल्या चादरींत दोन कमी होत्या.

त्यानंतर ते वाढतच गेलं. पेशंटचं इंजेक्शन भरताना मी बाटलीवरचं नाव तीनतीनदा वाचायला लागले. घरी आल्यावर आठवायचं, चौथं वाचन राहिलं का? मला कामाचा कंटाळा आला नव्हता. मला भीती वाटत होती, की एक दिवस माझ्या हातून कोणाचं तरी बरंवाईट होईल. म्हणून मी राजीनाम्याचं पत्र टाइप केलं, खाली महिनाअखेरची तारीख टाकली, सही केली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. महिना नुकताच सुरू झाला होता.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलने आम्हा स्टाफसाठी मनाच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवला. समोसा, चहा आणि समुपदेशक. समुपदेशक म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. मी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले, म्हणजे मागच्यांना कळावं की याचं फार मनावर घ्यायचं नाही. तिने नेमकं मलाच विचारलं, "आज तुम्ही स्वतःसाठी काय केलंत?"

"डबा खाल्ला," मी म्हटलं. मागे हशा.

"किती वाजता?"

"सव्वातीनला."

"बसून?"

मी हाताची घडी सोडली. पोरगी पुण्याचीच असणार, हे मात्र लक्षात आलं.

तिने प्रत्येकीला एक कोरी वही दिली. रोज दुपारी चार वाजता, जिथे असाल तिथे, दोन-तीन ओळी लिहायच्या. काय करताय, कसं वाटतंय. पुढच्या सोमवारी ती येऊन बघणार. मी वही घेतली, कारण फुकट मिळालेली वही परत करणं माझ्या रक्तात नाही.

आता माझ्या वहीत काय होतं ते सांगते. सोमवार, दुपारी चार: स्टेबल, तक्रार नाही. मंगळवार, दुपारी चार: स्टेबल, तक्रार नाही. बुधवारी जरा वेगळं काहीतरी म्हणून 'जेवण व्यवस्थित' असं जोडलं. सव्वीस वर्षं पेशंटच्या कागदांवर तेच लिहिलेलं, हात आपोआप चालतो. शुक्रवारी निघण्यापूर्वी वही समोर होती, हातात पेन होतं. शनिवारी वॉर्डात गडबड असते आणि रविवारी मला सुट्टी, वही घरी कोण नेणार? म्हणून दोन्ही दिवस भरून टाकले. शनिवार: स्टेबल. रविवार: स्टेबल.

आणि ती मुलगी सोमवारची वाट न बघता शुक्रवारीच वॉर्डात उगवली. सहज आले होते, म्हणाली. टेबलावरची वही उचलली, चाळली आणि शेवटच्या पानावर थांबली.

"आज शुक्रवार ना, सिस्टर?"

"हो."

"मग परवा दुपारी चार वाजता तुम्ही स्टेबल असणार, हे तुम्हाला आजच कसं कळलं?"

तुम्ही या धंद्यातले नसाल तर तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. आमच्यात हा गुन्हा आहे. दोन वाजताचं ब्लड प्रेशर दोनला मोजायचं आणि दोनला लिहायचं. दीड वाजताच अंदाजाने लिहून ठेवणारी सिस्टर माझ्या वॉर्डात टिकत नाही. पंधराच दिवसांपूर्वी मी आमच्या सगळ्यात धाकट्या सिस्टरला त्यावरून सगळ्यांसमोर झापलं होतं. वाघोलीकडची मुलगी, एरवी हॉस्पिटलात शुद्ध बोलते, घाबरली की गावची भाषा बाहेर येते. "तू ज्योतिषी आहेस का गं?" मी तिला विचारलं होतं. "पेशंटचा हातही न धरता तुला त्याचं बीपी दिसतं?" ती रडवेली होऊन म्हणाली होती, "मॅडम, टाइमच मिळत न्हाई." मी म्हटलं होतं, कारणं नकोत.

आणि आता तीच धाकटी माझ्या मागे ट्रॉलीपाशी उभी होती. सगळं ऐकत होती. हातातल्या सिरिंजकडे इतकं निरखून बघत होती, की सिरिंज लाजली असती. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

समुपदेशक मात्र ओरडली नाही. वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे पान तसंच राहू दे. ज्या रविवारी दुपारी चारला लिहिण्यासारखं काही खरं असेल, त्या रविवारी दुरुस्त करा आणि मला आणून दाखवा. घाई नाही."

तिला घाई नव्हती. मला होती. पर्समधल्या पत्रावर तारीख होती.

त्या रविवारी चार वाजता मी काय करत होते, ते लिहिण्याची मला लाज वाटली. स्वयंपाकघरात उभी होते, फोन कानाशी धरून वॉर्डात विचारत होते की चौथ्या बेडवरच्या आजोबांना लघवी किती झाली. दिवसातला तिसरा फोन. माझा नियमच होता तसा, वॉर्डात काहीही झालं की आधी मला कळलं पाहिजे, मी सुट्टीवर असले तरी. सकाळी मी फोन करायची, दुपारी मी करायची, आणि मध्ये काही झालं तर वॉर्डातल्या पोरी करायच्या.

नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "ते चौथ्या बेडवरचे आजोबा आपल्याकडेच राहायला का येत नाहीत? त्यांचं खाणंपिणं आता मला पाठ झालंय."

"अहो, गप्प बसा."

नंतर ते सोफ्यावर आडवे झाले आणि मी शेजारच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच ते म्हणाले, "किती भरले?"

"काय?"

"माझे श्वास. मोजतेयस ना घड्याळ लावून."

मोजत होते. मला पत्ताही नव्हता. "सोळा," मी म्हटलं.

"नॉर्मल आहेत ना? मग डिस्चार्ज देऊन टाक."

आम्ही दोघंही हसलो, पण मला आतून काहीतरी टोचलं. ते जागे असताना मी त्यांच्याकडे शेवटचं नीट कधी बघितलं होतं, ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मी चार वाजता ड्यूटी संपवून खरोखर चार वाजता निघाले. वॉर्डातल्या बायका घड्याळाकडे बघायला लागल्या. कात्रजच्या बाजूला आमचं घर, रोजचा स्कूटरचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर पोहण्याचा टँक आहे. अकरा वर्षं मी त्याच्या भिंतीशेजारून जातेय. त्या दिवशी भिंतीपलीकडून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. नुसत्या हसण्याचा नाही, खिदळण्याचा. मी स्कूटर बाजूला घेतली. फलकावर लिहिलं होतं: महिलांची बॅच, रोज पाच ते सहा, रविवारी चार ते पाच.

रविवारी चार. मला त्यावर हसूच आलं. आत गेले.

टेबलाशी बसलेल्या प्रशिक्षक बाई साठीच्या, केस आखूड कापलेले, नजर सरळ. "फिट असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा," म्हणाल्या. "आणि टोपी. केस वाळत नाहीत ही तक्रार इथे ऐकली जात नाही."

सर्टिफिकेटसाठी आमच्याच युनिटच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या पोरी हातचं काम सोडून बघायला लागल्या. मला कोणी पट्टा बांधलेला त्यांनी कधी बघितलाच नव्हता. बीपी वर निघालं. फार नाही, पण वर. डॉक्टरांनी दोन दिवसांनी पुन्हा मोजलं, गोळी सुरू केली आणि मगच सही दिली. मी रोज लोकांना सांगत आले, दुर्लक्ष करू नका, दुर्लक्ष करू नका.

आणि मग पाणी. देवा रे, ते पाणी. पहिल्या दिवशी मी उथळ बाजूला छातीपर्यंतच्या पाण्यात कठडा धरून उभी होते आणि दात वाजत होते. माझ्या आजूबाजूला सत्तरीच्या आज्या आरामात उताण्या तरंगत होत्या, गप्पा मारत. मला प्रचंड राग आला. आयसीयू चालवणारी बाई मी, आणि मला कठडा सोडता येईना.

बाई वरून म्हणाल्या, "डोकं पाण्यात घाला."

घातलं. लगेच वर आले.

"श्वास सोडला का?"

"घेतला होता."

"ते दिसलं. सोडला का?"

नव्हता सोडला. तीन दिवस मी गाल फुगवून पाण्यात जायची आणि तश्शीच फुगलेली वर यायची. चौथ्या दिवशी कंटाळून कठड्याला टेकून उभी होते, तर बाई म्हणाल्या, "काय बघताय?" समोर एक आजी तरंगत होत्या आणि मी त्यांच्या पोटाकडे बघून मोजत होते. "मिनिटाला बावीस," मी नकळत बोलून गेले. "थोडे जास्त आहेत."

बाईंनी कपाळाला हात लावला. "त्या वीस वर्षं पोहतायत. त्यांना काही होत नाही. तुम्ही तुमचं बघा."

तुम्ही तुमचं बघा. हे वाक्य मला आयुष्यात कोणी चांगल्या अर्थाने म्हटलं नव्हतं. पुढच्या डुबकीला मी नाकातोंडातून भडाभडा हवा सोडून दिली, बुडबुडे कानांवरून गेले, आणि पाय तळावरून सुटले. मी तरंगले. दोन सेकंद, तीन सेकंद, पण तरंगले. वर आले तेव्हा नाकात पाणी, डोळे लाल, आणि मी लहान मुलीसारखी ओरडत होते, "बघितलं का? बाई, बघितलं का?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. "आता पुन्हा."

घरी येऊन मी दोन बशा पोहे खाल्ले. रात्री इतकी झोपले, की सकाळी नवऱ्याने हलवून उठवलं. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन भरताना बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं राहिलं आणि ते राहिलंय हे माझ्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी टँकवर कपडे बदलताना आठवलं तेव्हा छातीत धस्स झालं, आणि मग इतका आनंद झाला की काय सांगू. दोनदाच वाचायचं असतं. सगळ्या दोनदाच वाचतात.

तीन आठवडे मी वेळेवर निघाले. काही दिवशी जमलं नाही, पण बहुतेक दिवशी जमलं. हात शिकले, पाय शिकले. रविवारी चारलाही जायची, पण वहीतलं पान दुरुस्त करत नव्हते. कारण खरं सांगायचं तर पाण्यात उतरण्याआधी मी वॉर्डात फोन करायची आणि बाहेर आल्याबरोबर दुसरा. वॉर्ड अजून माझ्या कानाला चिकटलेलाच होता. पर्समधलं पत्रही तिथेच होतं.

मग महिन्याचा शेवटचा रविवार आला. बाई आदल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "उद्या खोल बाजूला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये उभं राहायला जमीन नाही." उत्साहाने मी साडेतीनलाच पोचले. इतकी तंद्रीत होते की फोन लॉकरमध्ये टाकला, कुलूप लावलं, आणि वॉर्डात फोन करायचा राहून गेला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

खोल बाजूचं पाणी गडद असतं. मी कठडा सोडला. पहिले चार-पाच हात नीट गेले, मग छाती धडधडायला लागली, आणि वाटलं की संपलं. त्या क्षणी मला ना पेशंट आठवले, ना पत्र, ना चादरी. मला फक्त एवढंच कळत होतं की श्वास सोडायचाय, मान वळवायचीय, घ्यायचाय. पुन्हा सोडायचाय. मग हाताला एकदम फरशी लागली. भिंत. पलीकडची भिंत. आज्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कठड्याला लटकून हसत होते, रडत होते, दोन्ही एकदम. बाई वाकून म्हणाल्या, "पाय अजून वाकडे आहेत." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

पाच वाजता लॉकर उघडला. फोनवर एक मिस्ड कॉल. वॉर्डातून, चार वाजून दहा मिनिटांनी.

सात-आठ असते तर मी एवढी घाबरले नसते. एकच होता. म्हणजे नंतर त्यांना फोन करायलाही फुरसत मिळाली नव्हती. ओल्या कपड्यांनी, बाकावर बसून मी फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर दाबला. ही शिक्षा आहे, असंच मला वाटलं. एकदा स्वतःचं बघितलंस, घे.

फोन धाकटीने उचलला.

"काय झालं?"

"चार नंबरचे आजोबा, मॅडम. घशातल्या नळीत कफ अडकला. सॅच्युरेशन धाडकन खाली आलं." ती दम खात होती. "मी सक्शन लावून कफ ओढून काढला, डॉक्टरांना बोलावलं. आता चौऱ्याण्णव हाय. बरे हायत ते. मुलगी भेटून गेली त्यांची."

मी टॉवेल तोंडावर दाबून धरला.

"मॅडम? तुम्ही ऐकताय ना? झालंय सगळं."

"ऐकतेय," मी म्हटलं. "शाब्बास." आणि फोन ठेवला. मग त्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. जिवात जीव आला होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही होतं. माझ्यावाचून झालं होतं. सव्वीस वर्षं मला भीती होती की माझ्यावाचून होणार नाही, आणि मी बुडाले होते ती त्याच ओझ्याखाली. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, राजीनाम्याचंही. ते सोफ्यावर उठून बसले. मग म्हणाले, "ठेव नाहीतर दे, तुझं तू ठरव. पण मला सांगत जा."

सोमवारी ड्यूटीवर गेल्या गेल्या मी चौथ्या बेडचा कागद उघडला. आजोबा जागे होते, त्यांनी बोटं हलवून मला ओळख दिली. धाकटीचं अक्षर गचाळ, पण एकेक नोंद वेळेवर.

४.०८: सॅच्युरेशन कमी, सक्शन सुरू. ४.१०: इन-चार्ज सिस्टरना फोन, उपलब्ध नाहीत. ४.११: डॉक्टरांना कळवले. ४.१५: सॅच्युरेशन ९४.

मी ते वाचत असताना धाकटी समोर उभी होती, ओठ चावत. "मॅडम, ते 'उपलब्ध नाहीत' लिहायला नको होतं का? पण खरं होतं ते."

महिन्यापूर्वी मी तिची सालटी काढली असती. "बरोबर लिहिलंयस," मी म्हटलं. "आणि ऐक. सुट्टीच्या दिवशी मला फोन करायचा नियम आजपासून बंद. आधी डॉक्टर. तुझा तू निर्णय घेतलास, तसा घ्यायचा." तिचा विश्वास बसेना.

दुपारी मी टेबलाशी बसले, बसून चहा घेतला, आणि पर्समधून वही काढली. आमच्या कागदांवर खाडाखोड चालत नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही. चुकीच्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. रविवारच्या पानावरच्या 'स्टेबल'वर मी एक रेघ मारली. सही केली. खाली लिहिलं: दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खोल पाण्यात. उपलब्ध नाही.

वहीबरोबर ते पत्रही बाहेर आलं होतं. मी उलगडलं. खाली उद्याची तारीख, माझी सही. महिनाभर आधी लिहून ठेवलेली, अजून न घडलेल्या दिवसाची नोंद.

धाकटीकडे मी चोरून बघितलं, ती दुसऱ्या बेडपाशी होती. मग पत्रावर मी एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, आणि दोन वाजताची बीपी मोजायला उठले. दोन वाजले होते.